गव्हांकुरांचा हिवाळा

नौपाड्यातल्या हातगाड्यांवर मेथीच्या जुड्या उंच रचलेल्या दिसू लागल्या की ठाण्यात थंडी आली असं समजायचं. इथली थंडी ती केवढी! पहाटे पंखा बंद करावासा वाटतो, आंघोळीचं पाणी जरा जास्त तापवावं लागतं, स्टेशनकडे निघालेल्या बायकांच्या अंगावर एखादा पातळ स्वेटर दिसतो. एवढंच. पण हवा कोरडी होते, ऊन तिरपं होतं, आणि मेथीचा तो हिरवा, किंचित कडू वास रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी अंगावर येतो. लोकांना या दिवसांत हुरूप चढतो. उंधियू, पोपटी, हुरडा असल्या गप्पा सुरू होतात. मी मात्र या दिवसांत बाजारातून जायचं टाळते आणि गल्लीतून वळसा घालून घरी येते.

माझ्या आयुष्यातल्या एका हिवाळ्यात मेथी फार सुंदर आली होती. बाजारात नव्हे, माझ्या हॉलमध्ये.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, आईला दमा. त्यामुळे सोळाव्या वर्षी स्वयंपाकघर माझ्याकडे आलं आणि माझ्याहून नऊ वर्षांनी लहान असलेली नंदाही. तिच्या ताटात काय पडायचं, किती पडायचं, ती काय टाकते आणि काय चाटूनपुसून खाते, हे सगळं मीच बघायची. तिचं लग्न झालं, ती शहाडला गेली, कल्याणच्या एका कचेरीत नोकरी करू लागली, तिची मुलगी शिकून परदेशी गेली, तरी तिचं ताट आपल्या हातातून गेलं आहे हे मला कधी पटलंच नाही. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला. जेवलीस का? काय केलं होतंस?

निवृत्तीनंतर मी घरात भाजी लावायला लागले. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आधीच्या मालकाने बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली. ग्रिलवर कुंड्या ठेवायला सोसायटीची बंदी. मग जे काय लावायचं ते घराच्या आतच. मासळीबाजारात मासे ज्या थर्माकोलच्या खोक्यांतून येतात ती रिकामी खोकी मी एका कोळीण मावशींकडून मागून आणायची. पहिल्यांदा मागितली तेव्हा त्या हातातली कोयती खाली ठेवून हसल्या होत्या. "बाय, मासलीच्या खोक्यात भाजी लावतेस? मांजरं येतील गो घरात!" मांजरं आली नाहीत. सोड्याने घासून, चार दिवस उन्हात ठेवून, तळाला भोकं पाडून मी त्यांत माती, कोकोपीट, गांडूळखत आणि निंबोळी पेंड भरली. खिडकीशी मेथी, पालक, लाल माठ. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मिरची आणि टोमॅटो. आत जिथे ऊन पोचत नव्हतं तिथे वर पांढऱ्या दिव्यांची पट्टी टांगून कोथिंबीर. ओट्याखाली गांडुळांचा डबा. सोफा विकून टाकला, कारण त्याची जागा खिडकीच्या उन्हात होती.

आलेगेले चकित व्हायचे. मी त्यांना एकेक खोकं दाखवायची आणि म्हणायची, रसायनाचा एक थेंब नाही यात. हळूहळू मला बोलावणी येऊ लागली. महिला मंडळात, हास्यक्लबात, कोणाच्या गच्चीवर. मी बोलायची छान. शिकवायची सवय होतीच. आता आठवते तेव्हा लक्षात येतं, माझ्या बोलण्यात 'विष' हा शब्द फार यायला लागला होता. बाजारातला फ्लॉवर म्हणजे विष, चकचकीत वांगी म्हणजे विष, गाडीवरचा वडापाव तर विचारूच नका. समोरच्या बायका अपराधी चेहऱ्याने माना हलवायच्या. मला ते आवडायचं. आता लिहितेच आहे तर हेही लिहायला हवं.

नंदा मात्र हसायची. "अगं ताई, तू पण ना! तुझ्या त्या पालकाच्या जुडीने माझ्या कढईचा तळ तरी झाकेल का?" ती ऑफिसातून येताना स्टेशनबाहेर जी भाजी दिसेल ती उचलायची. रविवारी नवऱ्याबरोबर, दिलीपरावांबरोबर, हॉटेलात जेवायची. चायनीज तिच्या विशेष आवडीचं. मी चिडायची, ती आणखी हसायची.

दिवाळी झाली आणि नंदाच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली.

मी धावत शहाडला गेले. दिलीपराव डॉक्टरांकडचे कागद फाइलमध्ये लावत बसले होते. नंदा स्वयंपाकघरात तांदूळ धूत होती. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. तिच्या हातातलं भांडं काढून घेऊन तिला बसवायला हवं होतं. मी तिचा फ्रीज उघडला. आत अर्धा फ्लॉवर होता, सॉसची बाटली होती, हॉटेलातून आणलेल्या नूडल्सचा डबा होता. मी ते एकेक बाहेर काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "किती वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी, नंदा. हे असलं विष पोटात घालून घालून आज ही वेळ ओढवून घेतलीस."

तिने तांदळाचं पाणी ओतलं. पुन्हा भांडं नळाखाली धरलं. मग म्हणाली, "हो ना, ताई."

एवढंच म्हणाली. मला वाटलं, पटलं हिला.

केमो सुरू झाले आणि मी तिच्या जेवणाचा ताबा घेतला. आठवड्यातून दोनदा दुपारच्या टिटवाळा गाडीने शहाडला जायची. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली मेथी, पालक, माठ. मेथीचं पिठलं, पालकाची ताकातली भाजी, मुगाची खिचडी. त्यात काही चुकीचं नव्हतं. दिलीपराव तर अगदी भारावून जायचे. "ताई, तुम्ही आहात म्हणून निभावतंय." गृहस्थ सज्जन. दर वेळी रिक्षाने मला स्टेशनवर सोडायला यायचे.

हॉस्पिटलातून त्यांना आहाराची यादी मिळाली होती. ती त्यांनी फ्रीजच्या दारावर चिकटवली होती. शिजवलेलं ताजं अन्न द्यावं. कच्च्या भाज्या, कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्यं, बाहेरचा रस बंद. मी ती यादी चष्मा लावून नीट वाचली.

त्याच सुमाराला योगवर्गातल्या एका बाईंनी मला गव्हांकुरांबद्दल सांगितलं. कोणाकोणाच्या गाठी विरघळल्या, कोणाचं रक्त वाढलं. मी घरी येऊन आइस्क्रीमच्या सहा चौकोनी डब्यांत माती भरली आणि भिजवलेले गहू पेरले. एकाआड एक दिवस एक डबा, म्हणजे साखळी तुटायची नाही. आठव्या दिवशी वीतभर गवत. कात्रीने कापायचं, मिक्सरमधून काढायचं, पातळ फडक्यातून पिळायचं. तो रंग असा काही असतो! मी दिव्याखाली ग्लास धरून बघत बसायची. कापलेलं गवत मी पिशवीतून घेऊन जायची आणि रस शहाडला, दिलीपराव ऑफिसात असताना, काढायची.

यादीत 'बाहेरचा रस' असं होतं. हा बाहेरचा कुठे? हा घरचा. परीक्षेत मुली प्रश्नपत्रिकेतल्या शब्दावरून वाद घालायच्या तेव्हा मी त्यांना झापायची, आणि स्वतः साठीला आल्यावर फ्रीजच्या दाराशी उभी राहून तेच केलं. मी मुलींना वर्षानुवर्षं शिकवलं होतं की चिमूटभर मातीत मोजता येणार नाहीत इतके जीव असतात. गवत त्याच मातीत, खतात उगवलेलं होतं, न शिजवलेलं होतं, आणि समोर जिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आल्या आहेत अशी बाई बसली होती. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ठाऊक असण्याला मी बाजूला बसवलं होतं.

नंदाने पहिल्या दिवशी विचारलं होतं. "ताई, डॉक्टरांना एकदा विचारू या का गं?"

"डॉक्टर औषधाचं बघतील. जेवणाचं मी बघते. आणि दिलीपरावांना उगाच सांगत बसू नकोस. घाबरट आहेत ते."

तिने नाक दाबून ग्लास रिकामा केला. लहानपणी एरंडेल घ्यायची तसा. मग रुमाल बांधलेलं डोकं मागे टेकून माझ्याकडे बघून हसली. "झालं समाधान?"

झालं होतं. ते दिवस माझ्या डोळ्यांपुढे अजून स्वच्छ आहेत. दुपारचं ऊन, गाडीचा रिकामा डबा, कल्याण सोडल्यावर दिसणारी उल्हास नदी, मांडीवरच्या पिशवीतून येणारा ओल्या मातीचा वास, आणि आपण कोणाला तरी वाचवायला चाललो आहोत ही भावना. बहीण आजारी होती आणि मी आनंदात होते. काळजी होती, रडू यायचं, देवासमोर हात जोडायची, ते सगळं खरं. पण त्याच्या खाली आनंदाचा एक झरा वाहत होता. शाळा सुटल्यापासून माझी कोणाला गरज उरली नव्हती. आता होती. इतक्या वर्षांनी नंदाचं ताट पुन्हा माझ्या हातात आलं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. सांगण्यासारखी नाहीच.

तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी सकाळी दिलीपरावांचा फोन आला. नंदाला ताप भरला होता, थंडी वाजून दात कडकडत होते, त्यांनी तिला कल्याणच्या हॉस्पिटलात हलवलं होतं. मी पोचले तेव्हा तिला स्वतंत्र खोलीत ठेवलं होतं. मास्क लावून आत गेले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ फुटले होते. दोन्ही हातांना सुया. थोड्या वेळाने डॉक्टर आल्या. तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने कागद चाळले, नंदाचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "गेल्या आठ-दहा दिवसांत काही कच्चं खाण्यात आलंय का? सॅलड, ज्यूस, असं काही?"

दिलीपराव लगेच म्हणाले, "नाही, नाही. सगळं शिजवलेलं. ताई स्वतः करून देतात."

नंदाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी पलंगाच्या पायथ्याशी पाण्याची बाटली धरून उभी होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. 'मी गव्हांकुरांचा रस देत होते.' तीस वर्षं भरल्या वर्गांपुढे बोललेली बाई मी. मी सलाईनच्या नळीकडे बघायला लागले. थेंब पडत होते. एक, मग दुसरा, मग तिसरा. नंदा बघत राहिली होती. ती वाट बघत होती हे मला न बघताही कळत होतं.

मग तिने फुटलेल्या ओठांनी सांगितलं, "गव्हांकुरांचा रस घेत होते डॉक्टर. मीच. कोणीतरी सांगितलं म्हणून."

दिलीपरावांचा बांध फुटला. आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस. "नंदा! अगं दारावर कागद लावलाय मी! रोज फ्रीज उघडतेस ना? मी इथे जिवाचं रान करतोय आणि तू... कोणी सांगितलं तुला? ताई, बघितलंत? तुम्ही एवढं जपून करताय आणि ही बघा!"

आणि मी म्हणाले, "असू दे दिलीपराव. आता बोलून काय उपयोग?"

हे माझे शब्द. मोठ्या मनाच्या बाईचे शब्द. रसाबद्दल कोणी मला क्षमा केलीच तर करो. त्या वाक्याबद्दल कोणी करू नये.

डॉक्टर जाताना म्हणाल्या, "यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. या काळात कशानेही इन्फेक्शन होतं. पण यापुढे बंद." हे त्यांचं बोलणं मी कितीदा तरी हातात घेऊन बघितलं आहे. ते खरंच असेल. कदाचित रसाचा काही संबंध नसेलही. पण त्या खोलीत रसाचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की ताई बोलते का.

नंदा नऊ दिवस तिथे होती. त्यातले दोन दिवस असे होते की दिलीपरावांनी मुलीला फोन करून निघून ये म्हणून सांगितलं. मग ताप उतरला. पेशी वर आल्या. मुलीने तिकीट रद्द केलं.

त्या नऊ दिवसांत मी घरी फक्त कपडे बदलायला यायची. झाडांकडे बघायची नाही. एके दुपारी जरा निवांत आले आणि हॉलमध्ये उभी राहिले, तर मेथी अशी माजली होती की खोकी दिसत नव्हती. पालकाची पानं तळहाताएवढी. आइस्क्रीमच्या डब्यांत गव्हाचं गवत एका बाजूला उन्हाकडे झुकून दाट, मऊ, झळाळत होतं. इतकं पीक माझ्याकडे त्याआधी आलं नव्हतं, नंतरही नाही. मला वाटलं होतं, जगात काही बिनसलं की घरातलं झाड तरी कोमेजेल. तसं काही नसतं. त्यांना ऊन मिळालं होतं, तळाला ओल होती. मी गवत मुळासकट उपटून गांडुळांच्या डब्यात टाकलं. मेथी कापली, केली, आणि चार दिवस एकटीने खाल्ली.

नंदा घरी आल्यावर दिलीपराव मला फोनवर म्हणाले, "ताई, शिजवलेली भाजी चालते हो. आणा ना तुमची मेथी." मागून नंदाचा आवाज आला. "नको. इथे मिळते चांगली."

उरलेले केमो झाले, शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली. तिचे केस परत आले, आधी मऊ आणि कुरळे, मग पूर्वीसारखे. मी जात राहिले, रिकाम्या हाताने. पुढच्या वर्षी चैत्रात एकदा आम्ही दोघीच तिच्या गॅलरीत बसलो होतो. दिलीपराव खाली गेले होते. मी धीर करून म्हटलं, "नंदा, मी सांगणार आहे त्यांना. रस मी देत होते ते."

"कशाला?"

"अगं, खरं ते सांगायला नको?"

ती गॅलरीतून दिसणाऱ्या नदीकडे बघत होती. "हॉस्पिटलात मी तुझ्याकडे बघत होते, ताई. किती वेळ बघत होते. तेव्हा नाही सांगितलंस. आता सांगून कोणाला बरं वाटणार आहे? तुलाच ना?"

मी वाकून दिलीपराव खालून येताना दिसतात का ते पाहिलं.

"आणि रसाचं म्हणशील तर मला माहीत होतं तो घ्यायचा नाही ते. यादी मला पाठ होती. तू इतकी खूश असायचीस ना ग्लास भरताना, म्हणून घेत होते. ते माझं माझ्याकडे. पण माझ्याच किचनमध्ये उभी राहून तू म्हणालीस, हे तू ओढवून घेतलंस. प्रत्येक सलाईन लागलं ना, की ते ऐकू यायचं. उलटी झाली की वाटायचं, बरोबर आहे, नूडल्स खाल्ल्यास ना, भोग. कॅन्सरने नाही गं मला एवढं छोटं केलं."

आणि मी, तिची मोठी बहीण, काय म्हणावं? मी म्हटलं, "मी तसं म्हटलं नव्हतं."

नंदा उठून आत गेली.

मी तसंच म्हटलं होतं. शब्दन् शब्द. फ्लॉवर कुठे ठेवला होता, सॉसची बाटली कुठे, तेसुद्धा मला आठवतं. पण तोंडाला सवय झाली होती बरोबर असण्याची. ती सवय फार चिवट असते.

आता खोकी कमी केली आहेत. मिरची आहे, थोडी कोथिंबीर आहे. भाषणांना जात नाही. परवा वरच्या मजल्यावरची नवी सून कडेवर बाळ घेऊन आली होती. सगळं न्याहाळून म्हणाली, "काकू, मला पण शिकवा ना. असं घरचं खाल्लं की कॅन्सर वगैरे होत नाही ना?" पूर्वीची मी असते तर तिला पाऊण तास बसवून घेतलं असतं. मी म्हटलं, "ते नाही माहीत मला. पण चटणीला ताजी कोथिंबीर मिळते." ती जरा हिरमुसली. तिला खात्री हवी होती. मी एके काळी ती फुकट वाटत होते, आणि घेणाऱ्याला तिची काय किंमत पडते ते मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

नंदा बरी आहे. तपासण्या चांगल्या येतात. ती निवृत्त झाली, दिलीपरावांबरोबर फिरते, फोटो पाठवते. भांडण नाही आमचं. सणावाराला मी जाते, ती येते. लोकांना विचाराल तर सांगतील, बहिणी असाव्यात तर अशा.

गेल्या महिन्यात शहाडला गेले होते. ठेवणीतल्या कपांतून चहा आला. ट्रेमध्ये दोन बशा, एका बशीत बिस्किटं, एका बशीत चिवडा. तिने माझ्या तब्येतीची चौकशी केली, गुडघ्यांसाठी एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. गप्पा झाल्या. चहा संपल्यावर मी सवयीने कप उचलला आणि आत विसळायला निघाले. त्या घरात मी आजवर कधी कप असाच ठेवून उठले नव्हते.

नंदा पटकन उठली. माझ्या हातातून कप घेतला, हसली, आणि अगदी मनापासून म्हणाली, "अगं राहू दे ताई. पाहुण्यांनी कशाला आत यायचं? तू बस ना."

मी बसले.